बंगालचा उपसागर

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात समुद्र एकदा येतोच, असं मुकुंदराव मास्तरांचं ठाम मत होतं. हैदराबादच्या विमानतळावर सकाळी नऊपासून बसून दुपारचे चार वाजले, तेव्हा ते बायकोला म्हणाले, "कमल, नाही आला तरी चालेल आता."

चिक्कडपल्लीच्या घरून निघताना शेजारच्या भामाबाईंनी दोघांच्या हातावर दही ठेवलं होतं. ते दही, डब्यातल्या दशम्या आणि विमानाचं कौतुक, सगळं एव्हाना जिरलं होतं. तिकिटं मुलानं, चेतननं पाठवलेली. विशाखापट्टणमला परदेशी कंपनीत लागल्यापासून आईबापांना रेल्वेत बसवणं त्याला कमीपणाचं वाटे. विमानही नव्या खाजगी कंपनीचं. टाय लावलेला पोरगा दर तासाला येऊन नव्यानं माफी मागायचा.

"अंधेरे के पहले पोंचना पडता, साब. उधर का एअरपोर्ट नेव्ही का है," तो म्हणाला.

वेळ जाईना म्हणून मास्तरांनी दारापाशी लाल दिव्यांच्या यंत्रावर वजन केलं. अठ्ठावन्न किलो.

तेहेतीस वर्षं त्यांनी मराठी शाळेत भूगोल शिकवला. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "सर, तुम्ही समुद्र पाह्यला का?" काठी नकाशावर टेकलेलीच होती. मास्तर म्हणाले, "म्हणजे काय!" ते 'म्हणजे काय' घशात घेऊनच ते निवृत्त झाले.

साडेचारला विमान उडालं. मास्तरांनी कानात कापूस कोंबला आणि खिडकीला नाक लावलं. नुसते ढग. अर्ध्या तासानं विमान गदगदा हललं. मग इंग्रजीत आणि तेलुगूत बरीच मोठी घोषणा झाली. पुढच्या लोकांनी कपाळाला हात लावले.

"काय म्हणाली गं?"

"पट्टे बांधा म्हणाली."

"त्याला एवढा वेळ?"

कमलताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पडा जरा. दमलात," म्हणाल्या.

मास्तर पडले नाहीत. बऱ्याच वेळानं ढग फाटले आणि खाली पाणी चमकलं.

"अगं, बघ! बंगालचा उपसागर!" कापसामुळे ते ओरडलेच. चार रांगांनी माना वळवल्या. पाण्यात मधोमध काहीतरी पांढुरकं उभं होतं. "दीपस्तंभ," मास्तरांनी वर्गाला सांगावं तसं सांगितलं. मग चष्मा काढून पुसला. "त्या पोराला मी खोटं नाही सांगितलं, कमल. फक्त आधी सांगितलं."

कमलताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मोठा आहे हो," एवढंच म्हणाल्या.

उतरल्यावर त्या एका खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि कागद घेऊन आल्या.

"कसला?"

"सामानाचा." कागद पर्समध्ये गेला.

दारापाशी वजनाचं यंत्र दिसताच मास्तर चढले. अठ्ठावन्न. "पाव किलोचा फरक नाही! शास्त्र इथून तिथून एकच."

बाहेर येऊन त्यांनी छाती भरून श्वास घेतला, ओठांवरून जीभ फिरवली. "हवा खारट आहे. लागते का?"

"घाम आहे तुमचा. पुसा."

"चेतन नाही आला न्यायला?"

"भेटेल उद्या."

मास्तर आणखी काही विचारणार, तेवढ्यात रिक्षा पुढ्यात येऊन थांबली.

"किधर जाना, अम्मा?"

"चिक्कडपल्ली," कमलताई म्हणाल्या.