शेजारच्या सीटचा पट्टा

चौऱ्याहत्तर साली अमेरिकेत निघालेल्या छोट्या गाड्यांना एक खोड होती. सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर गाडी चालूच व्हायची नाही. नुसता बझर कोकलत राहायचा. वजन ओळखायची गाडी.

म्हणून ड्वेन शेजारच्या रिकाम्या सीटचाही पट्टा लावूनच टोलीडोच्या काच कारखान्यात जायचा. "डबा ठेवतो ना तिथे," तो बायकोला, व्हर्नाला, सांगायचा. "गाडीला वाटतं माणूसच बसलंय." व्हर्नाला हसू यायचं. तिला मात्र त्याने त्या गाडीतून कधीच नेलं नाही. म्हणायचा, "तुझे पाय मावायचे नाहीत."

ड्वेनला पुरल्यानंतरच्या रविवारी व्हर्ना पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. स्वतःचा पट्टा लावून तिने किल्ली फिरवली. बझर कोकलला.

"शेजारचा पट्टा लाव की," गॅरेजच्या दारातून तिचा दीर मर्ल म्हणाला.

"तिथे आहे काय? डबा तर मी धुऊन कपाटात ठेवलाय."

मर्लने जवळ येऊन, वाकून सीटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गॅरेजमध्ये कडाक्याची थंडी होती. सीट गरम होती.

"त्याने तुला काहीच सांगितलं नव्हतं?" एवढंच बोलून, तिची नजर चुकवत तो घरात निघून गेला.

व्हर्नाने वळून पाहिलं. सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं होतं.

"उतर," ती दात आवळून म्हणाली. "आता ही गाडी माझी आहे."

शेजारचा पट्टा सावकाश ओढला गेला आणि खटकन लागला. बझर थांबला.