वर्षाला चार बोटं

पुरात गेलेल्यांना तेव्हा घाईघाईने ओळीत पुरलं होतं. पुढच्या पुराने वर गाळ चढवला आणि सगळ्या खुणा बुजल्या. पंधरा वर्षांनी एका मोजणीदाराने जुन्या नोंदवहीतले अक्षांश-रेखांश यंत्रात घालून म्हातारीला तिच्या मुलाची जागा शोधून दिली आणि तिथे खुंटी ठोकली. तेव्हापासून दर रविवारी ती खुंटीपाशी बसून लेकाशी बोलायची. घरातलं सगळं त्याला सांगायची, कधी रागवायचीसुद्धा.

चार वर्षांनी तोच मोजणीदार पुन्हा आला.

"मावशी, माझी चूक झाली. पृथ्वीवरचे सगळे खंड पूर्वी एकत्र होते, मग फुटून लांब गेले. ते अजून थांबलेले नाहीत. आपली जमीन वर्षाला चार बोटं सरकते, तिच्याबरोबर पुरलेली माणसंही सरकली, आणि मी तर तेव्हा पंधरा वर्षं जुने आकडे तसेच धरले. तुमचा मुलगा तिकडे आहे, दोन हातांवर."

म्हातारीने तिकडे पाहिलं. मग खुंटीकडे.

"आणि इथे कोण आहे?"

त्याने वही उघडली. "एक मुलगी. सहा-सात वर्षांची. ओळख पटली नाही. विचारायलाही कुणी आलं नाही."

म्हातारीचा हात अजून मातीवरच होता.

"चार वर्षं मी हिला बाळा म्हणून हाक मारतेय," मातीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली. "आता उठून तिकडे बसले, तर हिला काय वाटेल?"