शर्मिष्ठाचे पिकप

शर्मिष्ठानं आपल्या बास गिटारला तारांचा आवाज टिपणारे नवे पिकप बसवले, तेव्हा तिचा नवरा निरंजन मित्रांसमोर हसला होता. “कान वाजून राहिले तुझे. काडीचाही फरक नाही.”

घटस्फोटानंतर बास बूढापाऱ्यात तिच्या माहेरी आला. लावून पाहिला, तर आवाजात जीवच नव्हता. तिनं तो उघडला. आत जुने पिकप परत बसवलेले होते.

तिनं फोन केला. “माझे पिकप काहून काढले?”

“कोणते पिकप?” म्हणत त्यानं फोन ठेवला.

रविवारी बासवाल्यांच्या बैठकीत निरंजननं स्वतःचा बास वाजवला आणि शर्मिष्ठानं आपल्या पिकपचा आवाज लगेच ओळखला. सगळे त्याच्याभोवती जमले. “भैया, ये साउंड कैसे निकाला?”

निरंजननं थेट तिच्याकडं पाहिलं.


“कुछ नहीं, भाई. अब घर में शांति है, तो रियाज़ होने लगा.”