गोठवलेल्या पेशी

"तुमचे यजमान गेले, पण त्यांच्या मूळपेशी अजून आमच्याकडे आहेत. त्या नष्ट करायला तुमची परवानगी हवी," हॉस्पिटलातली मुलगी खालच्या आवाजात म्हणाली.

मालिनीबाईंनी समोरचा कागद जवळ ओढला. अच्युतरावांचा मज्जेचा कॅन्सर पहिल्या औषधांनी दबला, तेव्हाच डॉक्टरांनी त्या पेशी काढून, पुढे त्यांच्याच शरीरात परत सोडण्यासाठी गोठवल्या होत्या. "प्रत्यारोपण आत्ताच उरकून घेऊ," असंही ते म्हणाले होते. पण त्यानंतर जंतुसंसर्गाच्या भीतीने कितीतरी आठवडे कुणाजवळ जाता येणार नव्हतं, आणि लेक बाळंतपणाला आलेली. "नातवंडाला एकदा मांडीवर घेतो, मग करू," म्हणत अच्युतराव थांबले. मालिनीबाईंनीही मान डोलावली. नातू आला, आजोबांच्या मांडीवर झोपला. मग आजार उलटला, तो मूत्रपिंडं निकामी करूनच. आता प्रत्यारोपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"त्या पेशी जिवंत आहेत अजून?" मालिनीबाईंनी विचारलं.

"हो. गोठलेल्या आहेत, पण जिवंत."

स्मशानातही न रडलेल्या मालिनीबाई तिथल्या बाकावर बसून रडू लागल्या. हॉस्पिटलातल्या मुलीने पाणी आणून दिलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आज नको, बाळ. आज माझ्याच्याने नाही व्हायचं."