पायाखालची अक्षरे

बालीगंजच्या एका कलादालनात जमिनीभर कोळशाच्या भुकटीने वाक्ये लिहिली होती. हातभर लांबीची, ठसठशीत बंगाली अक्षरे. लोकांनी त्यांच्यावरून चालावे आणि चालता चालता ती पुसली जावीत, अशी प्रदर्शन मांडणाऱ्या तोर्षाची कल्पना होती. दारावर तशी पाटीही होती. पण प्रदर्शन संपत आले तरी एकही अक्षर विस्कटले नव्हते. माणसे आत येत, चपला काढत आणि भिंतीलगतच्या अरुंद मोकळ्या पट्टीवरून अंग चोरून पुढे सरकत.

“अहो, पाय सांभाळा. सरस्वती आहे ती,” एक बाई नवऱ्याला दटावत होत्या.

“मग वाचू कसा? इथून सगळं उलटं दिसतंय.”

ती दोघे पुढच्या दालनात गेली. तोर्षाची आई, बिभा, अजून दारातच उभी होती. तोर्षाने लहानपणापासून घरात ऐकलेली वाक्ये ती एकेक करून वाचत होती. एवढी हसू नकोस. मुलीच्या जातीला इतकी भूक. ‘काय लिहिलंय ते येऊन बघ,’ एवढेच तोर्षाने तिला सांगितले होते. आता आई आल्या पावली परत जाईल, अशी तिला भीती वाटत होती.

“खिडकीपाशी आहे ते माझं ना?” बिभाने विचारले.

तिथे लिहिले होते : या रंगाला कोण पसंत करणार?

“हो, मा.”

“मी म्हणायचे असं?”

“पाहुणे बघून गेले, की दर वेळी.”



“आणि यावर पाय द्यायचा?”

“कुणी देतच नाही.”

“कोण देईल? पुस्तकाला पाय लागला, तर परीक्षेत नापास होणार म्हणून रडायचीस तू.”

बिभाने चपला काढल्या, अक्षरांना नमस्कार म्हणून हात कपाळाला लावला आणि साडी किंचित उचलून, बाकीची वाक्ये चुकवत ती खिडकीपाशी गेली. आपल्या वाक्यावर उभी राहिली. टाच घासत तिने ते शेवटच्या अक्षरापर्यंत पुसले. मग काळ्या पावलांनी तिथेच उभी राहून ती पुन्हा सगळी जमीन न्याहाळू लागली.

“काय शोधतेयस?”

“माझी सासू, तुझी ठाकुमा, मला एक वाक्य म्हणायची. ते नाही दिसत कुठे.”

तोर्षाने कोपऱ्यातला भुकटीचा डबा आणला आणि ती खाली बसली.

“सांग.”

बिभाने आधी दार लावून घ्यायला सांगितले.