शेऱ्याची जागा

"यात शेरा लिहायला जागा कुठे आहे?" थोरल्या मालकांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

"नाही ठेवली," नवी सिस्टीम बसवणाऱ्या बाई म्हणाल्या.

पंपांच्या त्या कारखान्यात सिस्टीम आज सकाळीच सुरू झाली होती आणि पहिलीच ऑर्डर पडद्यावर अडकून बसली होती. ऑर्डर हॉस्पिटलची, चांगली मोठी. बारा वाजेपर्यंत होकार गेला नाही तर दुसऱ्याच्या घशात जाणार होती. विक्री बघणाऱ्या धाकट्या मालकांनी माल द्यायची तारीख टाकली होती पाच, उत्पादन बघणाऱ्या थोरल्यांनी वीस. दोघांची तारीख जुळल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकणार नव्हती.

"मग त्याला कळवायचं कसं?"

थोरल्यांनी सवयीने दाराबाहेर हाक मारली, "अहो, सांगा त्यांना, पंप काय झाडाला लागतात का म्हणावं!"

ही हाक रिसेप्शनिस्टला होती. भावाभावांचा अबोला सुरू झाल्यापासून निरोप तीच पोचवायची. अख्खा स्टाफ तिला टपाल म्हणायचा. वाटेत ती निरोपातलं तिखट काढून टाकायची, आणि तिखटाबरोबर कधी कधी तारीखही गळायची. आज मात्र ती जागची हलली नाही.

"साहेब, आजपासून माझ्याकडे फक्त फोन," ती म्हणाली. आवाजात शाळेला सुट्टी लागल्याचा आनंद होता.

थोरले बाईंवर उखडले. "आत्ताच्या आत्ता जागा करून द्या. नाहीतर नारळ देईन तुम्हाला."

"द्या. पण जागा होणार नाही," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या प्रत्येक खात्यात बसून पाहिलंय. माल मशीनवर कधीच अडत नाही, साहेब. तो तुम्हा दोघांमधल्या या भिंतीपाशी अडतो."

मालकाला तोंडावर असं सांगायला छाती लागते. दोघा भावांना दोन वेगळ्या सिस्टीम देऊन बाई सुखाने मोकळ्या झाल्या असत्या. धाकट्यांनी तर तशी मागणीही केली होती. बाईंनी ती ऐकून घेतली आणि एकच बसवली. मला तरी या बाईंचं फार कौतुक वाटतं.

थोरल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. धाकट्यांची खोली भिंतीपलीकडेच होती, पण बाहेरून जायचं म्हणजे साऱ्या ऑफिसच्या डोळ्यांदेखत जायचं. मग त्यांची नजर दोन खोल्यांमधल्या बंद दाराकडे गेली. त्याच्यापुढचं कपाट बाईंनी गेल्या आठवड्यात वायर टाकायची म्हणून बाजूला करून घेतलं होतं, आणि परत लावायला त्या सोयीस्कर विसरल्या होत्या. दाराखालून निळी वायर पलीकडे गेली होती.

थोरले उठले. कडी जुन्या रंगाने घट्ट बसली होती. हिसडे दिल्यावर निघाली. दार बोटभर उघडलं आणि पलीकडे कशाला तरी अडलं. त्यांनी खांदा लावला.

"थांब दादा, ढकलू नकोस," पलीकडून आवाज आला. "टेबल सरकवतोय."