वाटीभर त्सुकर

इथे अमेरिकेत, अल्फारेटात शेजारी काही मागायला येत नाहीत. त्यामुळे पलीकडच्या घरातली हालिना रिकामी वाटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला एकदम मिरजेचा आमचा जिना आठवला. दिवसभर वाट्या वरखाली करायच्या त्यावरून.

"थोडी साखर मिळेल?" हालिना बेलारूसची, मिन्स्कला भाषा शिकवून रिटायर झालेली. "आम्ही त्सुकर म्हणतो. शब्द आमचा नाही, जर्मनांकडून उसना घेतलेला. तोही मूळचा तुमच्याकडचा, शर्करा! आमच्यात मात्र पुल्लिंगी. तो त्सुकर."

"आमची ती साखर," मी म्हटलं. "बस, चहा टाकते."

चहा तिनं बिनसाखरेचा घेतला. मला वाटलं, असेल त्यांच्याकडची पद्धत.

मग दर मंगळवारी ती वाटी घेऊन यायची, तासभर बसायची. मीही सकाळपासून वाट बघायची.

परवा तिला ताप आला म्हणून मऊ भात घेऊन गेले. चहासाठी तिचं कपाट उघडलं, तर आत ओळीनं बरण्या. मी दिलेली सगळी साखर, चमचाभरही न वापरलेली. शेजारी मधुमेहाच्या गोळ्या. वळून बघितलं, तर हालिना दारात उभी. मी कपाट लावलं.

त्यानंतरच्या मंगळवारी ती आलीच नाही. अकरा वाजेपर्यंत वाट बघितली. मग घरातली सर्वांत मोठी वाटी घेतली आणि तिच्या दाराची बेल वाजवली.

"हालिना, थोडा त्सुकर देतेस का गं? घरातला संपलाय."